वाणाच्या पुस्तकांतल्या एकतीस चिठ्ठ्या

एकतीस बायकांच्या स्वभावाचं वर्णन लिहिलेल्या एकतीस चिठ्ठ्या मी त्या-त्या बाईच्याच हातात पोचवल्या. रंगीत कागदात गुंडाळून, वर सुबक अक्षरात नाव घालून. एकही चिठ्ठी चुकीच्या घरी गेली नाही. आयुष्यभराच्या दुकानदारीत इतकं बिनचूक काम माझ्या हातून ना आधी झालं, ना नंतर.

गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. माझं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर. एका अंगाला बँक, दुसऱ्या अंगाला बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस. पाटीवर मी 'पुस्तकांचे दालन' असं रंगवून घेतलं होतं. दालन म्हणजे दहा बाय चौदा. त्यात मी विकायचो गाइड, वह्या, पंचांग, कंपासपेट्या. मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं, त्यात वाचायची पुस्तकं. ती मी निवडून आणलीत असं सांगायचो. खरं म्हणजे ती माझ्याकडं साठली होती. खांद्याला पिशवी लावून आलेल्या एका कवीला नाही म्हणता आलं नाही, त्याच्या पंचवीस प्रती. धंदा बंद करणाऱ्या एका प्रकाशकानं गाइडांच्या गठ्ठ्यावर फुकट टाकलेली एक गोणी. त्या गोणीत काय नव्हतं? कानडीतून आलेली कादंबरी, सर्कशीतल्या आचाऱ्याच्या आठवणी, तांड्यावर वाढलेल्या एका बाईचं आत्मकथन, एका निवृत्त इंजिनियरनं जुन्या बारवांवर लिहिलेलं, बारवेइतकंच खोल पुस्तक.

हे सगळं खपवायला मला एक शब्द सापडला होता. 'वेगळं'. "हे जरा वेगळं आहे," असं म्हणायचं, पुस्तकावर फुंकर मारायची आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाइकापुढं ठेवायचं. फुंकर धुळीसाठी असायची, पण दिसायला आदर दिसायचा. वाचायचो मी पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं. एवढ्या भांडवलावर गावात माझं नाव झालं होतं. लोक म्हणायचे, याला पुस्तकातलं कळतं. शेजारच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवण शेकडा किती ते छापावं लागायचं. पुस्तकावर तसं छापायचा कायदा नव्हता, म्हणून माझी इज्जत टिकून होती.

मला ओळखून असलेलं गिऱ्हाईक एकच. जुन्या जालन्यात, मस्तगडला राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, बोलणं कमी, आणि वाईट सवय अशी की घेतलेलं पुस्तक त्या खरोखर वाचायच्या. एकदा पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे तुम्ही वाचलेलं न्हाई."

"काय मॅडम! वाचल्याशिवाय देईन का?"

"मंग शेवटी तो म्हातारा जगतो का मरतो?"

"शेवट सांगितला तर मजा जाते, मॅडम."

"मधेच मेलाय तो. शेवटाला त्याचं वर्षश्राद्ध आहे."

असं असूनही त्या माझ्याकडंच यायच्या. दुसरं दुकान फक्त गाइडांचं होतं, हे एक कारण. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

तर एका जानेवारीत, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, या साली आमच्याकडच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तकं द्यायचीत. तीस बाया. तीस वेगवेगळी पुस्तकं. जिला जे लागू पडेल ते."

मी कपाटाकडं पाहिलं. कपाटानं माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं आम्ही दोघं ह्याच दिवसाची वाट बघत होतो.

पण मॅडमचं काम गमतीचं नव्हतं. त्यांच्या सासूबाई दरसाल स्टीलच्या वाट्या वाटायच्या. चाळीस वर्षं. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्या वाट्यांची चळत होती. आणि बोलवायच्या बायांची यादीही चाळीस वर्षं तीच होती. मॅडमनी या वेळी यादीत तिघी वाढवल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी एक विधवा बाई, जिला अशा कार्यक्रमाला कोणी बोलवत नसे. आणि शाळेतल्या दोन बौद्ध शिक्षिका, ज्या हळदीकुंकवाच्या वाटेला जात नसत. मॅडमचं म्हणणं, कुंकू ज्यांना लावायचं त्यांना लावू, पुस्तक सगळ्यांना देऊ.

"सासूबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, एक साल कर तुझ्या मनाचं. बाया नाराज झाल्या तर पुढच्या सालापासून वाट्या माझ्या आन् यादीबी माझी." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या तिघींना पुन्हा नको म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका, भाऊ. शिवणाऱ्या ताईंना बोलवायला गेले तर त्यांनी दोनदा विचारलं, चुकून तर आल्या न्हाईत ना?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की बिलकुल काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तीस चिठ्ठ्या आणून दिल्या. कोऱ्या उत्तरपत्रिकेचे सारखे कापलेले तुकडे. वर बाईचं नाव, खाली दोन ओळी. पुस्तक निवडायला सोपं जावं म्हणून. पेपर तपासणाऱ्या हाताची सवय, शब्द वाया घालवायचे नाहीत. शेजारणीच्या चिठ्ठीत होतं: 'दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते हिला आधी कळतं. प्रवासवर्णन द्या. लांबच्या देशाचं.' एकीच्या: 'सारखी आजारी असते. आजार नाही.' शिवणाऱ्या बाईंच्या: 'हिला काय आवडतं मला माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही.' आणि सासूबाईंच्या: 'सगळं येतं, माघार घेता येत नाही. मोठ्या अक्षरातलं द्या.'

आमच्या बायकोलाही आमंत्रण होतं. तिची चिठ्ठी मॅडमनी लिहिली नव्हती. म्हणाल्या, "तुमच्या घरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत." मग ती एकतिसावी मीच लिहिली. गंमत म्हणून. मला लिहायची हौस होतीच.

पहिल्या आठ-दहा पुस्तकांपर्यंत मी फार मन लावून काम केलं. चिठ्ठी वाचायची, डोळे मिटायचे, कपाटासमोर उभं राहायचं. कोणी पाहिलं असतं तर पाया पडलं असतं. आजारी बाईला एका खेड्यातल्या डॉक्टरच्या आठवणी. शेजारणीला बर्फाच्या देशात एकटीनं फिरून आलेल्या कुणा बाईचं प्रवासवर्णन. नंतर दमलो. मग स्वभाव भारी असेल तर जाड पुस्तक, हलका असेल तर पातळ, असा हिशेब लावला. शिवणाऱ्या बाईंना तांड्यावरचं आत्मकथन दिलं, कारण त्याच्या मुखपृष्ठावर सुई-दोरा होता. सासूबाईंचीच अडचण झाली. मोठ्या अक्षरातलं माझ्याकडं एकच होतं. त्या काळात साक्षरतेचे वर्ग चालायचे, त्यात नव्यानं वाचायला शिकलेल्यांसाठी छापलेलं: साप कसा ओळखावा, विषारी आणि बिनविषारी, चित्रांसह. दिलं. अक्षर खरंच मोठं होतं.

आता चूक. ती आळसानं झाली नाही, शिस्तीनं झाली. जूनमध्ये शाळेचे संच बांधताना माझ्या दुकानात एक नियम असायचा. ज्याचा संच त्याच्या नावाची चिठ्ठी आत, पहिल्या पुस्तकात. वरचा कागद फाटतो, दोरी सुटते, नाव पुसतं. आतली चिठ्ठी जात नाही. चिठ्ठी आत आहे का ते पाहिल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही. वर्षानुवर्षं हात तेच शिकलेले. तेव्हा वाणाची पुस्तकं बांधतानाही मी प्रत्येक पुस्तक उघडलं, चिठ्ठी आत आहे याची खात्री केली आणि मगच कागद चिकटवला. एका पुस्तकातून चिठ्ठी खाली पडली होती. ती वाकून शोधली, बाकाखालून काढली, झटकली आणि परत आत घातली.

हळदीकुंकू रविवारी दुपारी झालं. दिवेलागणीला बायको खुशीत परत आली. "चांगलं झालं बाई. शिवणाऱ्या ताईबी आल्त्या. कोपऱ्यात बसल्त्या, पण आल्त्या." मग तिनं कागद सोडवला आणि पुस्तक उघडलं.

"अहो, हे अक्षर कोणाचं?"

मला वाटलं, पुस्तकावर सही असेल. तिला मी त्या पिशवीवाल्या कवीचाच संग्रह दिला होता. "कवीचं असेल. जपून ठेव, उद्या मोठा माणूस होईल तो."

"कवीला कसं कळलं मी कडक हाय म्हणून?"

तेव्हा मला कळलं, ते अक्षर माझंच होतं. ती वाचत होती, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. "'स्वभाव कडक. वाचत नाही. पातळ चालेल. किंमत कमी असली तरी कळणार नाही.'" मग पुस्तक उलटं करून किंमत पाहिली. "चार रुपये. कळलं बरं का."

"अगं, ते गंमत म्हणून..."

"बाकीच्यांच्याबी आत हायत?"

"आहेत. एकेक तपासून घातली मी." बायकोच्या तोंडावरचा राग उतरला आणि तिथं काळजी आली. "माझं सोडा. माझी तुमच्या हातची हाय, तुम्हाला मी निस्तरीन. त्या पोरीनं गल्लीभर बायांबद्दल लिहून दिलं, आन् तुम्ही वाटलं? जा. आत्ताच्या आत्ता जा."

लुना काढली आणि मस्तगडला गेलो. मॅडम अंगणात सतरंजी झटकत होत्या. चेहऱ्यावर दमणूक आणि समाधान. मी दारातच सांगून टाकलं. त्यांनी सतरंजीची घडी घालून संपवली, मग विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या."

"शिवणाऱ्या ताईंची?"

"हो."

"आईंची?"

मी मान हलवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय?"

"दुकानवाले भाऊ हायत," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. मी त्या आवाजाला अजून मानतो.

सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर त्यांचं वाण, अजून न उघडलेलं. मला एकदम धीर आला. एक तरी चिठ्ठी वाचवू. "मावशी, ते पुस्तक जरा द्या. बदलून आणतो. बांधणी उसवलेली आहे त्याची."

"उघडलंच न्हाई तर उसवलेलं कसं कळलं?"

"आम्हाला वरून कळतं, मावशी. धंदाच आहे."

"आस्सं?" त्यांनी पुस्तक मांडीवरून काढून पाठीमागं ठेवलं आणि त्यावर टेकून बसल्या. "राहू दे उसवलेलं. मला शिवता येतं."

सोमवारी सकाळी मी अर्धं शटर उघडतोय तोच शेजारीण हजर. तिनं प्रवासवर्णन काउंटरवर आपटलं. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर तिनं मधलं पान काढून माझ्यापुढं धरलं. "हे वाचा. ही बाई त्या बर्फाच्या देशात लोकांच्या घरात जाती का न्हाई? चुलीवर काय हाय ते बघती का न्हाई? नवरा-बायको काय भांडले ते लिहिती का न्हाई?"

"हो, पण..."

"इला पुस्तक लिहिलं म्हणून शाबासकी, आन् मला चिठ्ठी?"

मी घाईघाईनं ते पान वाचायला लागलो, कारण ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. दुपारी ती आजारी बाई आली. तिचा आजार डॉक्टरच्या आठवणींत सापडला होता. पानाचा कोपरा दुमडून आणला होता. "मॅडमला दाखवा. आजार हाय. छापलेला हाय." आणि मग हळूच, "ह्याच डॉक्टरचं दुसरं असंल तर द्या. ह्याच्यात पाठदुखी न्हाई."

मी हे हसत सांगतोय. त्या आठवड्यात हसायला येत नव्हतं. मॅडम दुकानात आल्या नाहीत. बायकोकडून कळत होतं: दोघींनी पुस्तक परत पाठवलं, एकीनं तर पुस्तकाबरोबर तिळगूळही परत पाठवला. नळावर मॅडम गेल्या की बायका गप्प होत. काही जणी घरी जाऊन तोंडावर विचारून आल्या, ही कोणती पद्धत? मॅडमनी एकदाही 'ती दुकानदाराची चूक' असं म्हटलं नाही. म्हणाल्या, लिहिलं मीच आहे. मी बायकोला म्हणालो, मी जाऊन सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, "काय सांगणार? की लिहिलं तिनं, वाटलं मी? ते सगळ्यांना म्हाईत हाय."

मी एकच शहाणपणा केला, तोही भीतीनं. गिऱ्हाईक भांडायला आलं तर निदान कशावर भांडतंय ते कळावं म्हणून मी ती पुस्तकं वाचायला घेतली. उरलेल्या प्रती होत्याच, त्यांची चणचण कधीच नव्हती. माझ्याच दुकानातलं पुस्तक मी पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सर्कशीतला आचारी तर इतका चांगला निघाला की त्याच्यावर इतकी वर्षं गाइडांचा गठ्ठा ठेवल्याची मला लाज वाटली. बारवांचं पुस्तक मात्र वाचवेना. ते खरोखर वाईट होतं आणि मी ते एका गरीब स्वभावाच्या बाईला नुसतं जाडीवर दिलं होतं.

शुक्रवारी शिवणाऱ्या बाई आल्या. आत येईनात, पायरीवरच उभ्या. तांड्यावरच्या बाईचं पुस्तक पिशवीत होतं. "हे निम्मं झालं," म्हणाल्या. "मशीन चालवता-चालवता वाचते."

"ताई, ती चिठ्ठी... माझ्याकडून चुकून..."

"ती वाचली मी. आन् गेले मॅडमकडं. म्हणलं, विचारलं न्हाई म्हणता, तर आता विचारा."

"मग?"

"विचारलं त्यांनी. तासभर बसल्तो." एवढं सांगून त्यांनी सुई-दोऱ्याच्या चित्राकडं बोट दाखवलं. "ह्या आत्मकथनात शिवणाचं काहीच न्हाई हो भाऊ. चित्र उगीच टाकलंय का?"

मी म्हणालो, तसंच असेल.

आणि आठव्या दिवशी, भर दुपारी, दुकानासमोर ऑटो थांबला आणि सासूबाई उतरल्या. एकट्या. हातात सापांचं पुस्तक. मी उठून उभा राहिलो, स्टूल पुसलं, चहा सांगितला. त्या बसल्या नाहीत. चिठ्ठी काउंटरवर ठेवली, तळहातानं सपाट केली.

"हे माझ्या सुनेचं अक्षर ना?"

"मावशी, तसं दिसतंय, पण हल्ली अक्षरं सगळ्यांची सारखीच..."

"वाच."

"मावशी..."

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "'सगळं येतं, माघार घेता येत नाही. मोठ्या अक्षरातलं द्या.'"

"खरं हाय का खोटं?"

खरं म्हणावं तर मेलो, खोटं म्हणावं तरी मेलो. मी पंचांगांचा गठ्ठा सरळ करायला लागलो.

"खरं हाय," त्याच म्हणाल्या. "आमच्या मालकाला चाळीस सालात सांगता आलं न्हाई, तिनं दोन सालात लिहिलं. वर अक्षर मोठं पाहिजे तेबी तिच्याच ध्यानात आलं. पोराला अजून म्हाईत न्हाई मला बारीक दिसत न्हाई ते." मग सापांचं पुस्तक उघडलं. "आता हे बघ. हे चित्र कशाचं?"

खाली लिहिलेलं मी वाचलं. "घोणस."

"माझं माहेर वडीगोद्रीचं. जवारीच्या रानात मोठी झाले मी. ही घोणस न्हाई, हे अजगराचं पिल्लू हाय. लिहिणाऱ्यानं घोणस पाह्यलेली न्हाई. मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून खोटं खरं होतं का?"

"चूक कळवतो मावशी, छापणाऱ्याला."

"आन् सुनेनं सासूला पहिलं वाण काय द्यावं, तर साप? हे निवडलं कोणी? तिनं का तू?"

"मी," म्हणालो. मावशींशी एवढं एक खरं मी विचारल्याबरोबर बोललो.

त्यांनी मान हलवली, जणू तेवढंच पक्कं करायला ऑटो करून आल्या होत्या. मला मात्र विचारल्याशिवाय राहवेना. "मग मावशी, पुढच्या साली वाट्या?"

"वाट्या कशाला? आठ दिस झाले, बाया माझ्या दारात येऊन राह्यल्यात. भांडायला येत्यात, पण पुस्तक घेऊन येत्यात. ती शिवणारी आत येऊन बसली, चहा पिऊन गेली. पुढच्या साली पुस्तकंच. यादीबी सुनेचीच राहील." मग माझ्याकडं बोट रोखून, "ही माघार न्हाई बरं का. मला वाट्यांचा कंटाळा आल्ता."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. दगड उतरला की माझ्यातला दुकानदार लगेच उठून बसतो. मी कपाटाकडं वळलो, आचाऱ्याच्या आठवणी काढल्या, सवयीनं फुंकर मारली. "मग मावशी, पुढच्या सालासाठी आत्तापासून काही वेगळी पुस्तकं बाजूला काढून ठेवू का? हे बघा, हे मी स्वतः वाचलेलं..."

"तू नको काढू," सासूबाई म्हणाल्या आणि पायरी उतरायला लागल्या. "तिच्या चिठ्ठ्या सगळ्या बराबर निघाल्या. तुझी दोन-तीन पुस्तकं लागली, तीबी चुकून. तिला माणसं कळत्यात, बाबा. तुला तुझ्या दुकानातलं काहीच कळत न्हाई."